छायाचित्रांतील सांधा

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांतही दृढ आहे. चित्रकार पदरचें घालतो, नको तें वगळतो; कॅमेऱ्यास कल्पनाच नाहीं, तेव्हां त्याची साक्ष निर्भेळ, असा हा युक्तिवाद आहे. म्हणूनच शहरांतील संग्रहालयांत हिंडतांना तैलचित्रापुढें आपण कारागिरी पाहतों. छायाचित्रापुढें मात्र 'हे कोण?' एवढेंच विचारून पुढें सरकतों. कात्रणें जोडून केलेलें चित्र, ज्यास कोलाज म्हणतात, तें तर आपण पाश्चात्त्यांची अगदीं अलीकडची टूम समजतों. पिकासो व ब्राक यांनीं पॅरिसमध्यें १९१२ सालीं चित्रांत कागद व मेणकापड चिकटविलें, तेथून कोलाजचा उदय सांगण्याची वहिवाट आहे. चित्रकलेपुरती ती ठीक आहे. परंतु छायाचित्रें जोडण्याचा उद्योग आपल्या मुंबईंत त्यापूर्वीं सुमारें पन्नास वर्षें चालू होता.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. डागेरची कृति पॅरिसमध्यें १८३९ सालीं प्रसिद्ध झाली होती. म्हणजे ही नवी विद्या आपल्याकडे यावयास फारसा विलंब लागला नाहीं. ती केवळ साहेबलोकांपुरतीही राहिली नाहीं, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीचे सभासद होते. याच मंडळींतील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला.

या ग्रंथांत स्त्रीपुरुषांचे समूह इमारतींपुढें, देवळांपाशीं, झाडीच्या सावलींत उभे असलेले दिसतात. वस्तुतः त्यांतील कित्येक माणसें त्या जागीं कधीं उभींच नव्हतीं. त्यांचीं चित्रें एकीकडे घेतलीं, देखावे दुसरीकडे घेतले, आणि पुढें दोहोंचें एक चित्र केलें. यास व्यवहाराचें कारणही होतें. त्या काळीं कांचेवर रसायनाचा ओला लेप देऊन तो वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावें व धुवावें लागे. इतक्या सरंजामानिशीं मोठा समुदाय बाहेर नेऊन निश्चल उभा करणें सोपें नव्हतें. अशा चित्रांतील सांधा ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. आकृतीची कडा कातरल्यासारखी दिसते कीं काय, चेहऱ्यावरचा उजेड व मागील भिंतीवरचा उजेड एकाच बाजूचा आहे कीं नाहीं, पायांची सावली जमिनीवर पडली आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुष्कळ उलगडतें.

सांधा असणें हा अपराध नव्हे. इंग्लंडांत ऑस्कर रेलँडर यानें १८५७ सालीं तिसांहून अधिक कांचा जोडून एक भव्य चित्र केलें व तें मँचेस्टरच्या प्रदर्शनांत मांडलें. पण तें रूपक म्हणून मांडलें होतें. जॉन्सनचा ग्रंथ मात्र लोकांची शास्त्रीय ओळख म्हणून पुढें आला. चित्राखालीं बहुधा माणसाचें नांव नाहीं, जातीचें आहे. 'अमुक लोक असे दिसतात व अशा ठिकाणीं आढळतात' हें विधान दूरच्या वाचकानें डोळ्यांनीं पाहिलें म्हणून खरें मानावें. आणि तें डोळ्यांपुढचें दृश्य तर जुळवलेलें! आमचा आक्षेप जुळवणीस नाहीं, तिच्या मौनास आहे.

याच्या शेजारीं आमच्या नाशिक जिल्ह्यांतील एका पुरुषाचें उदाहरण ठेवून पाहावें. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. चित्रकला शिकून त्यांनीं गोध्रा येथें छायाचित्रांचा धंदा केला, पुढें छापखाना चालविला. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणून त्याच वर्षीं आपलें ठाणें नाशकास हलविलें. फितीवर दुसऱ्यांदा चित्रण करणें, चौकटीचा एक भाग झांकून दुसरा उघडा ठेवणें, असल्या युक्त्या म्हणजे हलतें कोलाजच होय, आणि फाळके त्यांत निष्णात होते. परंतु हें कसब त्यांनीं लपविलें नाहीं. चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारा एक लघुपटच त्यांनीं १९१७ सालीं काढला. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटाच्या आरंभीं त्यांची कन्या मंदाकिनी निरनिराळे हावभाव करून दाखविते, आणि मग तीच मुलगी बाळकृष्ण होते. प्रेक्षकांस आधीं सांधा दाखविला, नंतर देव दाखविला. तरी भक्तीस बाध आला नाहीं.

हा विचार आपल्या घरच्या भिंतीपर्यंत येतो. जुन्या काळीं स्टुडिओवाले दिवंगत वडिलांचा चेहरा दुसऱ्या छायाचित्रांतून घेऊन कुटुंबाच्या चित्रांत बसवीत, अंगावर रंगानें शाल काढून देत. जीं माणसें एकत्र कधीं बसलीं नाहींत, तीं अशीं एकत्र बसलीं. घरांत कोणी यास लबाडी म्हटलें नाहीं, कारण प्रत्येकास सांधा ठाऊक होता; त्यांत प्रेम होतें, फसवणूक नव्हती. मात्र तो ठाऊक असणारी पिढी गेली म्हणजे तेंच चित्र नातवंडांस पुरावा वाटूं लागतें, आणि एखाद्या संग्रहांत गेलें तर संशोधकासही. आज तर संगणकानें केलेला सांधा उघड्या डोळ्यांस दिसतही नाहीं.

म्हणून चित्र कोणीं, केव्हां, कशाकशांतून जुळविलें, हें संग्रहालयांनीं चित्राखालीं लिहावें. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं तें चित्राच्या पाठीवर लिहून ठेवावें. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं फाळके यांचें स्मारक आहे. तेथें मुलांस नेणाऱ्यांनीं त्यांस पडद्यावरील चमत्काराबरोबर त्याचा सांधाही समजावून सांगावा.