उपासाच्या ताटात आलू आला, हळद बाहेरच राहिली

एकादशी आली की घरोघर आलू उकडायला पडतात. आपल्या भागात जुनी माणसं आलूच म्हणतात, पुण्या-मुंबईकडं बटाटा. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा, अन् वस्तूही त्यांनीच समुद्रावरून पश्चिम किनाऱ्याला आणली. आलू हा शब्द मात्र इथलाच जुना; संस्कृतात आलुक म्हणजे कंद. नवा कंद आला, त्याला जुनं नाव मिळालं.

आमच्या घरी उपासाची भाजी अशी होते. उकडलेले आलू सोलून मोठ्या फोडी करायच्या. तुपात जिरं तडतडलं की हिरवी मिरची टाकायची, मग फोडी, मीठ अन् वरून दाण्याचा कूट. झाली भाजी. मोहरी नाही, हिंग नाही, हळद नाही. दुसऱ्या दिवशी उपास सुटला की त्याच आलूची भाजी मोहरी-कढीपत्त्याची, हळद घालून पिवळीधम्मक.

मागं सूनबाईनं विचारलं, "मामा, हळद आपल्या वावरातली, आलू आग्र्याचा. मग उपासाला आलू चालतो अन् हळद का नाही?" प्रश्न बरोबर आहे. वसमत-हिंगोलीच्या मार्केटात हळदीचे ढीग लागतात, अन् आपल्याच ताटात त्या दिवशी तिला जागा नाही.

आता हिशोब बघा. संत नामदेव महाराजांचा जन्म आपल्या नर्सीचा, 1270 सालचा. समाधी 1350 ची. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 ला, अन् वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 ला. आलू दक्षिण अमेरिकेतला, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. म्हणजे महाराजांच्या एकादशीला आलू असणं शक्यच नाही. हिरवी मिरचीही नव्हती, तिखटाला मिरे होते. भुईमूग तिकडचाच, रताळं तिकडचंच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही ब्राझीलकडचा, अन् तामिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने निघाले ते 1940 च्या दशकात. आपण ज्याला बापजाद्याचा फराळ म्हणतो त्यातलं जुनं उरलं ते भगर, शिंगाडा अन् सुरण.

मग हे चाललं कसं? माझं मत असं की मनाईची यादी जुनी आहे. धान्य, डाळी, रोजचा मसाला लोकांना माहीत होता, म्हणून तेवढंच नाही ठरलं. आलू तेव्हा नव्हताच, तर त्याला नाही कोण म्हणणार? आला तो थेट कंदमुळात बसला. कंदमुळं तर ऋषीमुनींचं खाणं.

सगळीकडं असं झालं नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही बटाटा अन् टोमॅटो घालत नाहीत, बाहेरून आलेला म्हणून. तिथल्या मुदपाकखान्यानं लक्षात ठेवलं, आपण विसरलो. विसरलो ते वाईट झालं असं मी म्हणत नाही, औंढ्याच्या शिवरात्रीला दिवसभर रांगेत उभं राहणाऱ्याला आलूनंच आधार दिलाय.

मला खटकतं ते दुसरंच. भगर विकत, साबुदाणा विकत, आलू विकत. शेतकऱ्याच्या घरचा उपास अन् सगळं दुकानातून. आलू आपल्याकडं होत नाही असंही नाही. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात लावा. रात्रीचं तापमान 20 अंशाच्या वर राहिलं तर नुसता पाला माजतो, कंद बसत नाही, म्हणून घाई नको. कुफरी ज्योती ही 1968 ची जुनी जात. घरापुरते दोन गुंठे पुष्कळ झाले. फेब्रुवारीतला ताजा आलू अन् शीतगृहातला आलू शेजारी ठेवून शिजवून बघा. शीतगृहातला गोडसर लागतो, तळला की लाल होतो. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते.

तुमच्याकडं उपासाच्या भाजीत हळद चालते का? अन् आपल्या भागात कुणी भगर पेरलेली बघितली असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गाव अन् अंदाजे साल लिहा.