प्रकाशाचा हिशेब

१८३८ सालीं लुई दागेर यानें पॅरिसमधील बुलव्हार द्यु ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचें छायाचित्र उंचावरील खिडकींतून घेतलें. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील त्या चित्रांत रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. गाडीघोड्यांचा मागमूस नाहीं. एका कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेण्यासाठीं थांबलेला माणूस मात्र स्पष्ट उमटला आहे. पत्र्यावर कित्येक मिनिटें प्रकाश पडत होता. जें हललें तें पुसलें गेलें. जें स्थिर राहिलें तेंच टिकलें.

पुढें काचा व फिल्म अधिक संवेदनशील झाल्या, आणि दिवसाच्या चित्राला क्षणाचा अंश पुरूं लागला. परंतु रात्रीचीं दृश्यें व आकाशांतील तारे यांना दीर्घ काळ लागतच राहिला. तो काळ किती, हाच खरा प्रश्न होता. रॉबर्ट बुन्सेन व हेन्री रॉस्को यांनीं १८६२ सालीं मांडलेला नियम सोपा होता: प्रकाश निम्मा झाला, तर वेळ दुप्पट करावा. ताऱ्यांची तेजस्विता छायाचित्रांवरून मोजणाऱ्या कार्ल श्वार्त्सशिल्ड या तरुण ज्योतिर्विदाला व्हिएन्नाच्या कुफनर वेधशाळेंत असें आढळलें कीं, मंद प्रकाशांत हा नियम पाळला जात नाहीं. दुप्पट वेळ देऊनहि चित्र फिकेंच राहतें. १९०० सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

याचें कारण फिल्मवरील चांदीच्या क्षारांत आहे. प्रकाशकणानें मुक्त केलेला चांदीचा एकटा अणु अस्थिर असतो. दुसरा कण लवकर आला नाहीं, तर तो पुनः क्षारांत मिसळून जातो. तापलेल्या जमिनीवर तुरळक थेंब दिवसभर पडले तरी ओल धरत नाहीं. एक थेंब वाळण्यापूर्वीं दुसरा पडावा लागतो. तसेंच हें आहे.

इकडे यंत्रहि शहाणें होत होतें. १९३८ सालच्या कोडॅक सुपर सिक्स-२० या कॅमेऱ्यांत सेलेनियमचा प्रकाशघट भिंगाचें छिद्र आपोआप ठरवीत असे. पण अंधारांत सेलेनियम जवळजवळ मुका होतो. योशिहिसा माइतानी यानें रचलेल्या १९७५ सालच्या ऑलिंपस ओएम-२ मध्यें सिलिकॉनचे घट आले, आणि शटर उघडें असतांनाच फिल्मवरून परतणारा प्रकाश ते मोजूं लागले. मध्येंच चंद्राआड ढग आला, तरी कॅमेरा आपणहून वेळ वाढवी.

मग छायाचित्रकाराला काम उरलें तें कोणतें? यंत्र पडलेला प्रकाश मोजतें. फिल्मनें त्यांतला किती पचविला, हें त्याला कळत नाहीं. ट्राय-एक्स फिल्मसाठीं कोडॅकनें दिलेल्या कोष्टकांत मापकाच्या १० सेकंदांऐवजीं ५०, आणि १०० सेकंदांऐवजीं १,२००, म्हणजे पुरीं २० मिनिटें, सांगितलीं आहेत. उलट फुजीच्या निओपॅन १०० अ‍ॅक्रॉसला १२० सेकंदांच्या आंत दुरुस्ती लागत नसे. म्हणून जाणत्यांनीं थोडी तूट असेल तेव्हां फिल्मचा वेग मुद्दाम कमी लावून यंत्राला फसविलें. तूट मोठी असेल तेव्हां स्वयंचलन बंद करून, शटर उघडें धरून, घड्याळाकडे पाहिलें.

मापन यंत्रावर सोंपवितां आलें. ज्यावर प्रकाश पडतो त्याच्या स्वभावाची पारख माणसाकडेच राहिली.