थांबायला शिकलेला पंप

दिवेआगरला जाताना बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमची गाडी खड्ड्यात जोरात आदळली आणि बंद पडली. सेल्फ फिरत होता, पण इंजिन सुरू होईना. मेकॅनिकने डॅशबोर्डखालचा एक छोटा स्विच दाखवला. "चाचा, वायर डायरेक्ट जोडून देतो. परत कटकट नको."

"नको बेटा," मामू म्हणाले.

मामूंनी मुंबईत फियाट टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला असे आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टने चाले. घाटात तो तापला की पेट्रोलची वाफ होई, गाडी थांबे. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं. पण इंजिन थांबलं की पंपही थांबे. अपघातात हे वरदानच.

1 एप्रिल 2000 पासून देशभर प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्याच सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून फ्युएल इंजेक्शन आलं. त्याला पेट्रोल साधारण तीन बार दाबाने लागतं, म्हणून विजेवरचा पंप टाकीत गेला. इंजिनाशी त्याचं नातं तुटलं. धडकेत नळी फुटली, इंजिन थांबलं, तरी वीज मिळेतो हा पंप पेट्रोल ओतत राहू शकतो. मग एक ठिणगी पुरे.

म्हणून त्याला थांबायला शिकवावं लागलं. चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद चालतो. इंजिन फिरत असल्याचा इशारा मिळाला नाही, तर कंप्युटर तो बंद करतो. काही गाड्यांत त्याच्या जोडीला हा स्विच असतो. निमुळत्या वाटीत पोलादी गोळी, तिला धरून ठेवणारं चुंबक. मोठा धक्का बसला की गोळी सुटून वर उडते आणि पंपाची वीज तुटते. पुढे एअरबॅग उघडण्याचा इशाराच अनेक गाड्यांत पंप बंद करू लागला.

गोळीला धडक आणि खड्डा यांतला फरक दरवेळी कळत नाही, हे खरं. पण खड्डा रस्त्याचा. त्यासाठी पहारेकऱ्याला का काढायचं?

मामूंनी वाकून गाडीखाली पाहिलं. कुठे गळती नव्हती, पेट्रोलचा वासही नव्हता. मगच त्यांनी वर आलेलं बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी नाही. मामूंची सवय मात्र आहे: आधी खाली वाकून पाहायचं, मग चावी.