नाथांच्या घरचे हरिपंडित



मार्गशीर्षातली गोष्ट आहे. आमच्या कोलशेतला पूर्वी आगरी-कोळ्यांची वस्ती, भाताची खाचरे आणि खाडी एवढेच होते. पुढे कारखाने आले, त्यातले बरेच गेले आणि आता उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका इमारतीत मी मुलाकडे राहतो. सकाळच्या उन्हात फाटकाजवळ बसलो होतो. शेजारी आमचे वॉचमन. साठी उलटलेले, मराठवाड्यातले, गळ्यात तुळशीची माळ. इतक्यात माझा नऊ वर्षांचा नातू आला आणि त्यांना म्हणाला, “ए, माझी सायकल काढ.” ते गृहस्थ निमूट उठले.

मी नातवाला म्हणालो, “अरे, ते तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. अहो म्हणावं.” पोर सरळ मनाचे. म्हणाले, “पण आजोबा, बाबा पण असंच बोलतात त्यांच्याशी.”

मला पुढे बोलता येईना. कारण त्याच्या बाबांनी हे कुठे शिकून घेतले, ते मला ठाऊक होते.

पन्नास वर्षे कीर्तने केली. नाथांचे चरित्र किती वेळा लावले असेल, त्याची गणती नाही. पण त्यातले हरिपंडितांचे प्रकरण मी नेहमी घाईने उरकत असे. आता त्यापाशी जरा थांबावेसे वाटते.

नाथमहाराजांचे घराणे पैठणचे, मोठ्या मानाचे. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती परत आणल्याचे श्रेय परंपरा ज्यांना देते, ते भानुदास महाराज त्यांचे पणजोबा. पण नाथांच्या वाट्याला लाड आले नाहीत. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवले. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामींकडे किल्ल्याचा कारभार होता. त्यांच्या घरी नाथांनी पडेल ती सेवा केली आणि हिशेबाच्या वह्याही सांभाळल्या. अशा सेवेत वाढलेल्या माणसाने शके १४९५ म्हणजे १५७३ साली काशीत मराठी भागवत पुरे केले आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

त्यांचे चिरंजीव हरिपंडित यांना यातले काही सोसावे लागले नाही. डोळे उघडले तेव्हा दारात माणसांची रीघ होती. वडिलांच्या पायावर लोक डोके ठेवताना त्यांनी पाळण्यातून पाहिले असेल. त्यात पैठण हे शास्त्र्यांचे गाव, तिथल्या निर्णयाला दूरदूरवर मान. तिथे हरिपंडित संस्कृतात पारंगत झाले. आणि वडिलांचीच त्यांना लाज वाटू लागली! वडील पुराण सांगतात ते प्राकृतात. गोदावरीच्या तापल्या वाळवंटातले, ज्याला जग शिवत नाही असे पोर कडेवर उचलून घेतात. श्राद्धाचे अन्न आधी अस्पृश्य मानलेल्यांना वाढतात. महारवाड्यात एका भक्ताच्या घरी जाऊन जेवतात. चारचौघांत शास्त्र्यांच्या मुलांसमोर मान खाली जावी, असेच हे वर्तन. शेवटी हरिपंडित बायकामुलांसह काशीला निघून गेले.

ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः ताहराबादच्या महिपतिबोवांमुळे. त्यांचा भक्तविजय १७६२ चा आणि भक्तलीलामृत १७७४ चे. नाथांनी देह ठेवला १५९९ साली. मधे दीडशेहून जास्त वर्षे गेली, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. पण मला एका गोष्टीचे मोल वाटते. संतांच्या घरातला हा कलह परंपरेने झाकून ठेवला नाही.

नाथ स्वतः काशीला गेले आणि मुलाला घेऊन आले. मुलाच्या दोन अटी होत्या. प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पुराणाला हरिपंडित बसू लागले आणि श्रोते ओसरले. मग एक गरीब विधवा आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प राहून गेला होता आणि हाती पैसा नव्हता. एकट्या नाथांना जेवू घातले तरी तो पुरा होईल, असे तिला कुणी सांगितले होते. नाथांनी मुलाला तिच्या घरी स्वयंपाक करायला सांगितले आणि ते जेवले. उठताना म्हणाले, “हरी, उष्टी पत्रावळ तू उचल.” एक उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी. अशा हजार निघाल्या.

कीर्तनात मी या हजाराच्या आकड्यावर टाळ्या घेत असे. आता वाटते, चमत्कार कुणी मानो न मानो, त्या घरात त्या दिवशी एक विद्वान मुलगा उष्ट्यासाठी वाकला, हे खरे. लहानपणी वाकायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, ती बापाने मोठेपणी आणली. आणि तीही न रागावता, अटी मोडून मुलाला न दुखावता. परंपरा सांगते की पुढे याच हरिपंडितांनी नाथांच्या पादुका दरवर्षी आषाढीला पंढरपूरला नेण्याची प्रथा पाडली. त्याच घरात पुरणपोळीसाठी राहिलेला गावबा हा मंद समजला जाणारा पोर होता. युद्धकांडात नाथांची लेखणी थांबली, तेव्हा भावार्थ रामायण त्याने पुरे केले, असे सांगतात. एका छपराखाली दोन मुले वाढली. एकाला मान जन्मतःच मिळाला, दुसऱ्याला नुसती जागा मिळाली.

आता माझे सांगतो. मुलगा दहा वर्षांचा असताना मी त्याला एका सप्ताहाला नेले होते. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे माळकरी त्याच्या पाया पडले. आपल्या संप्रदायाची रीत अशी की समोरचा वाकला की आपणही वाकायचे. तिथे वय नाही, जात नाही. माझा मुलगा पाय पुढे करून बसून राहिला. मी ते पाहिले. खरे सांगायचे तर मला तेव्हा बरे वाटले. वाटले, बुवांच्या पोराला लोक केवढा मान देतात! श्रीमंती आमच्या घरात नव्हती, पण फुकटचा मान भरपूर होता. पोराला बिघडवायला तोही पुरतो. त्या दिवशी मी त्याची मान हलकेच खाली केली असती, तर आज नातवाच्या तोंडी तो ‘ए’ आला नसता.

दत्तजयंतीच्या सप्ताहात मी नातवाला पंगतीत मीठ वाढायला लावले. मीठ हे लहान मुलाचे काम, पण प्रत्येक पानाशी वाकावे लागते. पंगत उठल्यावर मी पत्रावळी गोळा करू लागलो. गुडघे कुरकुरत होते. मुलगा कडेला उभा होता. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातून पत्रावळी घेतल्या आणि उरलेली रांग उचलली. भावाने की लोक पाहतात म्हणून, मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू फाटकाशी गेला. “ए...” म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “काका, सायकल काढता?”

येत्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी आहे. पैठणला जाणे माझ्याने आता होत नाही. त्या दिवशी आपल्या घरातले कोणते पोर कुणापुढे वाकले, एवढे आपण पाहावे. आणि त्याच्या आधी आपण वाकलो का, तेही.

पांडुरंगचरणी एवढेच मागणे.