परसबागेची लाकडी पेटी: जव्हार-मोखाड्यात ती कशी बांधावी?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. उतारावरची माती पहिल्या जोरदार सरींतच वाहून जाते. अशा ठिकाणी घराजवळ भाजी पिकवायची, तर माती एका जागी धरून ठेवणारी लाकडी पेटी उपयोगी पडते.

पेटीभर भाजीचे महत्त्व का?

१९९२-९३ मध्ये जव्हारमधील वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंमुळे येथील कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. एका पेटीने कुपोषण हटत नाही. पण माठ, मेथी, पालक या भाज्या महिनाभरात काढणीला येतात आणि रोजच्या भात-नाचणीला जोड मिळते.

लाकूड कोणते?

साग टिकाऊ असतो, मात्र खासगी जमिनीवरचे सागाचे झाड तोडायलाही परवानगी लागते. त्यामुळे जुन्या दारा-खिडक्यांच्या फळ्या किंवा बांबू बरा. वनाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात ‘झाड’ मानला जात नाही. माल वाहतुकीच्या जुन्या पॅलेटवर ‘एमबी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर ते लाकूड घेऊ नये. त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेची प्रक्रिया.

पेटी कशी जोडावी?

- माप: लांबी ३ फूट, रुंदी दीड फूट, उंची १ फूट. फळ्या १ इंच जाडीच्या.
- चार कोपऱ्यांना १५ इंचांचे ठोकळे लावावेत. खाली उरलेले ३ इंच पायांचे काम करतात. पाय दगडावर किंवा विटेवर ठेवले की वाळवी लवकर दिसते.
- खिळ्यांऐवजी गंज न धरणारे स्क्रू वापरावेत. लाकूड फुगते-आकसते तेव्हा खिळे सैल होतात.
- तळाच्या पट्ट्यांत पाव इंच फट ठेवून वर गोणपाट अंथरावे. पाणी निघून जाते, माती राहते.
- बाहेरून जवसाचे तेल लावावे. वाळवीसाठी गाडीचे जळके ऑइल अनेक जण लावतात, पण खाण्याच्या भाजीजवळ ते नको.

आत काय भरावे?

दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग भाताचे तूस. ताजे शेण टाकू नये, मुळे जळतात. भरलेली ओली पेटी दीडशे किलोच्या वर जाते, म्हणून ती जागेवर ठेवूनच भरावी.

पेटी कुठे ठेवावी?

पावसाळ्यात पागोळ्यांखाली नको, कारण धारेने माती उडते आणि रोपे आडवी होतात. उन्हाळ्यात दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी, मातीवर पालापाचोळ्याचा थर द्यावा. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी घातले, तर पिण्याच्या पाण्याला हात लावावा लागत नाही. शेळ्या-कोंबड्यांसाठी भोवती काटक्यांचे कुंपण मात्र हवेच. नाहीतर महिन्याची मेहनत एका सकाळीच फस्त होते.