गाढवीच्या काठाकाठाने

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत म्हाताऱ्या माणसांना गावाचा इतिहास विचारा, ती राजाचं नाव आधी घेत नाहीत. तळं कोणी बांधलं, ते सांगतात. दुष्काळ, पटकी, नरभक्षक वाघ, कोणाची लग्नं, सगळं त्या तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, आधीचं नाहीतर नंतरचं. माझ्या आजाची कालगणना हीच होती.

इटियाडोह धरणाच्या पायथ्याशी गाढवीच्या काठाने चालताना तीच मनात चालू राहते. ही नदी पुढे वैनगंगेला मिळते. हिवाळ्यात तिच्यात पाणी बेताचंच. उघड्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, डोहावर खंड्या टपलेला. वाळूत चितळांच्या खुरांची रांग, तिच्या बाजूला रानडुकरांनी उकरलेली ओल. काठाला कहू, वर साजा, धावडा, मोह. माणसाचा आवाज नाही. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान जवळच. 1975 साली ते झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. आजाच्या गोष्टीतला वाघ मात्र कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून इथलाच.

धरण 1970 चं. त्याच्या कालव्यांवर आज गोंदिया, भंडारा, गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतला धान पिकतो. वाटेत जाळं विणत बसलेले एक ढिवर आजोबा भेटले. धरणाचं काम त्यांनी पोरवयात पाहिलेलं. "पानी लय आला, बापा," ते म्हणाले, "पन आमच्या बोड्या त्याच्याच पोटात गेल्या." एका वाक्यात त्यांनी जमाखर्च मांडला.

बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा, विषय निघाला की कोहळ्यांची गोष्ट येतेच. गोंडराजा काशीयात्रेला गेला, तिथून तळी बांधणारी माणसं घेऊन आला, ते हे कोहळी, असं जुने लोक सांगतात. काशीचं खरंखोटं देव जाणे. त्यांचं काम मात्र डोळ्यांसमोर आहे. जो जंगल तोडून तळं बांधील, त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंडराजांचा शिरस्ता होता म्हणतात. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळ्याने घातला. सात डोंगरांच्या सातबहिणींनी त्याला हात दिला, अशी कथा; कोलू पाटील पुढे कोलासुर देव झाला. तळं बांधणाऱ्याचा देव होतो, ही या मुलखाची श्रद्धा मला तरी फार शहाणपणाची वाटते.

पुढे प्रतापगडाचा डोंगर. वर ढासळलेली तटबंदी, तिच्यात शिरलेली झाडांची मुळं आणि वानरांचं राज्य. किल्ला कोणाचा, याबद्दल प्रत्येक म्हाताऱ्याचं उत्तर वेगळं. पण महाशिवरात्रीला महादेवाच्या यात्रेला आलेली माणसं इथल्या दर्ग्यालाही माथा टेकवतात, हे सगळेच सांगतात. याच परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टीत आणखी लांबचे डोंगर येतात. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात गेलेली माणसं परतली की गाव भरतं.

दगडांचे अवशेष माणसं चढून जाऊन पाहतात. पाण्याचे अवशेष पायाखाली असतात, म्हणून दिसत नाहीत. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तळी सरकारजमा झाली. पूर्वी गाव मिळून गाळ काढायचं, पाळ दुरुस्त करायचं, पाण्याची पाळी ठरवायचं. मालक बदलला आणि ती जबाबदारी कोणाचीच उरली नाही. कित्येक तळी गाळाने भरली, काहींवर बेशरमाचं तण माजलं. अलीकडे अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बाया-माणसं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने तळ्यांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावतात, म्हणजे देशी मासे परततील. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या विणीला लागते, हे ज्ञान पुस्तकातून नाही, म्हाताऱ्या ढिवरांकडूनच आलं.

म्हणून या बाजूला याल तर गडावर जरूर चढा, पण उतरल्यावर एखाद्या पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्याजवळ थोडं थांबा. तळं कोणी बांधलं, पाणी कोणाला आधी मिळायचं, मासे कुठले होते, एवढं विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी दप्तरात तळ्याचं क्षेत्रफळ सापडतं. ते चालवायची रीत या माणसांकडेच आहे, आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत.