डबल डेकरला पंख लावणारे शिल्पकार : सुदर्शन शेट्टी

लाल डबल डेकर बस आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोलादी पंख! मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०१२ मध्ये उभारलेले हे शिल्प सुदर्शन शेट्टी यांचे आहे.

शेट्टी मूळचे मुंबईचे नाहीत. त्यांचा जन्म १९६१ साली मंगळूरचा. लहानपणीच कुटुंबासोबत ते मुंबईत आले. वडील यक्षगान कलावंत होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शेट्टी चित्रकला शिकले, पण पुढे शिल्पकलेकडे वळले.

त्यांच्या शिल्पांत सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तू दिसतात. २००८ च्या एका शिल्पात त्यांनी ताजमहालच्या छोट्या प्रतिकृतींची रास मांडली. आग्र्याहून आलेला पाहुणा भेट म्हणून आणतो, तशाच या प्रतिकृती. २०१६ मध्ये दिल्लीत मांडलेल्या ‘शून्य घर’साठी त्यांनी जुने लाकूड पुन्हा वापरले. या कामामागची प्रेरणा गोरखनाथांचे निर्गुणी भजन होते.

मंगळूर असो वा धाराशिव, गाव सोडून मुंबईत आलेल्या माणसाच्या आठवणी अशाच साध्या वस्तूंना चिकटलेल्या असतात. वस्तू गेली की आठवणीचा आधारही जातो.

बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. तेव्हा अनेक मुंबईकरांनी तिच्यासोबत फोटो काढले. शेट्टींनी मात्र त्याच्या ११ वर्षे आधीच तिला पंख लावून ठेवले होते.